घरासाठी इंटरनेटचा वेग किती असावा? राहनाळ परिसरातील कुटुंबांचा हिशेब

भिवंडीच्या अंजूरफाट्यावरून ठाण्याच्या दिशेने निघाले की राहनाळ, पूर्णा, कोपर, काल्हेर, कशेळी अशी गावे एकापाठोपाठ एक लागतात. एकेकाळी भातशेतीसाठी ओळखला जाणारा हा पट्टा आज देशातील सर्वांत मोठ्या गोदाम-क्षेत्रांपैकी एक गणला जातो. मुंबई आणि ठाण्यातील घराघरांत पोहोचणाऱ्या मालाचा मोठा हिस्सा येथूनच वाहनांवर चढतो. गोदामांच्या आडोशाने वस्तीही वाढली आहे. मूळ ग्रामस्थांची प्रशस्त घरे, कामगारांच्या पत्र्याच्या छपराच्या चाळी आणि अलीकडच्या काळात उभ्या राहिलेल्या बहुमजली इमारती असे तिचे संमिश्र स्वरूप आहे. या तिन्ही प्रकारच्या घरांना जोडणारी एक गोष्ट विजेच्या खांबांकडे नजर टाकताच दिसते. ती म्हणजे खांबाखांबावरून लोंबणाऱ्या इंटरनेटच्या काळ्या तारांची जुडगी.

या तारांमागोमाग जाहिरातीची पत्रकेही घरात येतात. १०० एमबीपीएस, २०० एमबीपीएस, ३०० एमबीपीएस असे ठळक आकडे त्यांवर छापलेले असतात आणि आकडा जितका मोठा तितकी सेवा उत्तम, असा ग्रह त्यामुळे सहज होतो. याचे आर्थिक परिणाम किरकोळ नाहीत. एका योजनेचे मासिक शुल्क ५०० रुपये आणि दुसरीचे ८०० रुपये आहे, असे समजू. १८ टक्के वस्तू व सेवा कर धरता पहिलीचे देयक ५९० रुपये व दुसरीचे ९४४ रुपये होते. वर्षाकाठी हा फरक ४,२४८ रुपयांचा आहे. गोदामात रोजंदारीवर काम करणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने एका मुलाच्या वह्या-पुस्तकांचा आणि गणवेशाचा खर्च त्यात भागू शकतो. तेव्हा वेगाचा आकडा निवडण्यापूर्वी कुटुंबाची गरज मोजणे हे काटकसरीचे तर आहेच. शिवाय ते फारसे अवघडही नाही.

वेगाची मोजणी

भारतात सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सेवा विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. त्या काळी दूरध्वनीच्या तारेवरून क्रमांक फिरवून जोडणी मिळवावी लागे आणि तिचा वेग आजच्या मानाने नगण्य होता. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने दर सेकंदाला २५६ किलोबिट ही ब्रॉडबँडची किमान मर्यादा ठरविली. पुढे ती ५१२ किलोबिट झाली आणि जानेवारी २०२३ मध्ये २ मेगाबिट करण्यात आली. ठाणे शहर महानगर टेलिफोन निगमच्या क्षेत्रात, तर भिवंडी तालुका भारत संचार निगमच्या क्षेत्रात, अशी या भागाची जुनी विभागणी होती. तांब्याच्या तारेच्या त्या दिवसांत घर दूरध्वनी केंद्रापासून जितके लांब तितका वेग कमी पडे. आता घरापर्यंत येणारी तार बहुधा प्रकाशतंतूची, म्हणजे व्यवहारात ज्यास फायबर म्हणतात तिची असते. काही किलोमीटरच्या अंतराने तिच्या वेगात फरक पडत नाही. त्यामुळे शहरापासूनचे अंतर हा निकष पूर्वीइतका महत्त्वाचा राहिलेला नाही.

पत्रकावरील एमबीपीएस म्हणजे दर सेकंदाला इतके मेगाबिट. मोबाइलमध्ये साठवलेल्या चित्रपटाचे वा छायाचित्राचे आकारमान मात्र मेगाबाइटमध्ये दाखविले जाते. आठ बिटांचा एक बाइट होतो. यास्तव ४० मेगाबिटच्या जोडणीवरून सेकंदाला फार तर ५ मेगाबाइट माहिती येते आणि ७०० मेगाबाइटची फाइल उतरवण्यास सुमारे १४० सेकंद लागतात. "चाळीसचा प्लॅन घेतला आणि मोबाइलवर पाचच दिसतात" या तक्रारीचे मूळ कित्येकदा या दोन एककांच्या घोटाळ्यात असते. तेथे फसवणूक झालेली नसते.

ग्रामपंचायत सदस्यांना नळजोडणीचा अनुभव असतो, त्यावरून वेगाची कल्पना नीट येते. अर्ध्या इंचाची जोडणी आणि एक इंचाची जोडणी यांतील पाणी एकच असते. एकाच वेळी किती नळ उघडता येतील, एवढाच फरक असतो. घरात एकच नळ चालू असेल तर मोठ्या व्यासाच्या जोडणीचा लाभ कोणास होणार? इंटरनेटचा वेगही असाच एकाच वेळी चालणाऱ्या कामांसाठी लागतो. एका कामाची गरज भागल्यावर उरलेला वेग पडून राहतो आणि त्याचे शुल्क मात्र भरावे लागते.

कोणत्या कामास किती वेग

सर्वसाधारण समज असा की सरकारी अर्ज, परीक्षेचे फॉर्म, सातबाऱ्याचा उतारा अशा महत्त्वाच्या कामांना मोठा वेग लागतो. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. अर्जासोबत जोडावयाचे ५० किलोबाइटचे छायाचित्र म्हणजे ४०० किलोबिट. अवघ्या २ मेगाबिटच्या जोडणीवरून ते एका सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात रवाना होते. वाहतूकदारास मालाबरोबर द्यावे लागणारे ई-वे बिल हे राहनाळसारख्या गावात रोजचे काम आहे, पण त्याचा बहुतेक भाग मजकुराचाच असतो. इंटरनेटवरून केलेल्या नुसत्या बोलण्याला सेकंदाला १०० किलोबिटच्या आसपास वेग पुरतो.

वेग खातो तो चलच्चित्रांचा प्रवाह. मोबाइलच्या लहान पडद्यावर साध्या प्रतीचे चित्र पाहण्यास दीड मेगाबिट पुरतात. मध्यम प्रतीला ३, तर दूरचित्रवाणी संचावर पूर्ण एचडी प्रतीचा चित्रपट पाहण्यास सुमारे ५ मेगाबिट लागतात. चौपट सुस्पष्ट अशा फोर-के प्रतीला १५ ते २० मेगाबिट लागतात. अनेक जणांच्या दूरदृश्य बैठकीत सहभागी होणाऱ्यास जाताना व येताना दोन्ही बाजूंनी ३ मेगाबिट असले म्हणजे झाले.

आता हा हिशेब राहनाळमधील एका कल्पित पण नेहमीच्या कुटुंबास लावून पाहू. वडील गोदामात माल तपासणीचे काम करतात, आई घर सांभाळते, मुलगी बारावीत आहे, मुलगा नववीत आणि घरात आजी आहेत. दिवसभर जोडणी जवळजवळ मोकळीच असते. खरी कसोटी रात्री साडेआठ-नऊच्या सुमारास लागते. त्या वेळी आजींच्या मालिकेसाठी दूरचित्रवाणी चालू, म्हणजे ५ मेगाबिट. मुलगी पदार्थविज्ञानाचे व्याख्यान पाहते, ३. मुलगा मोबाइलवर छोट्या चित्रफितींत रमलेला, आणखी ३. वडील गावाकडच्या भावाशी चित्रासह बोलतात, २. आई साध्या प्रतीत पाककृती पाहते, दीड. मोबाइल संच पाठीमागे आपापली अद्ययावत आवृत्ती उतरवून घेतात, त्यासाठी २ धरू. बेरीज साडेसोळा मेगाबिट झाली. हिशेबापेक्षा निम्मा वेग जादा हाताशी असावा म्हणून त्यात आठ-साडेआठ मिळवले तरी आकडा पंचविसाच्या आतबाहेरच राहतो. सेवा देणाऱ्या कंपन्यांची ३० वा ४० मेगाबिटची योजना या पाच माणसांच्या कुटुंबाला पुरून उरते.

इमारतीतील दुसरे एक घर घ्यावे. पती-पत्नी दोघेही घरून काम करतात, दोघांच्या बैठका एकाच वेळी चालतात, बैठकीच्या खोलीत फोर-के संच आहे आणि मुले दोन पडद्यांवर वेगवेगळे काही पाहतात. येथे ३ आणि ३, त्यात २०, मुलांचे ५ आणि ३, किरकोळ कामांचे ४ अशी ३८ मेगाबिटची बेरीज होते. निम्मा वेग जादा धरून ती ५७ वर जाते. अशा घराला ६० ते १०० मेगाबिटची योजना योग्य ठरेल. ३०० मेगाबिटची जोडणी कोणास लागते, असा प्रश्न मग उरतोच. ५० गिगाबाइटचा संगणकीय खेळ ४० मेगाबिटवरून उतरवण्यास पावणेतीन तास लागतात, तर २०० मेगाबिटवरून सुमारे ३३ मिनिटे. हे काम वरचेवर करावे लागत असेल तर मोठा वेग घेण्यात अर्थ आहे. वर्षातून दोनदा करावे लागत असेल तर रात्री ते लावून झोपणे अधिक स्वस्त पडते.

जाणारा वेग

पत्रकावरील आकडा बहुधा घरात येणाऱ्या माहितीचा असतो. घरातून बाहेर जाणाऱ्या माहितीचा वेग निराळा असू शकतो आणि त्याची चौकशी फारच थोडे ग्राहक करतात. लग्नसमारंभाचे चित्रीकरण करणारा व्यावसायिक २० गिगाबाइटचे चित्रण ग्राहकाला पाठवू इच्छितो, असे धरू. जाणारा वेग ४० मेगाबिट असेल तर सव्वा तासाच्या आत ते पोहोचते. तोच ५ मेगाबिट असेल तर जवळपास नऊ तास लागतात. गोदामाच्या दारावर वा घराच्या गॅलरीत बसविलेले आणि चित्रण बाहेरच्या संगणकावर साठविणारे कॅमेरेही अहोरात्र हाच वेग वापरतात. चार कॅमेऱ्यांना प्रत्येकी १ ते २ मेगाबिट लागले तर घरातल्या मुलीचा ऑनलाइन वर्ग अडखळण्यास तेवढे कारण पुरेसे होते. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि शिक्षण घरोघरी पडद्यावर आले, तेव्हा अनेक शिक्षकांना या गोष्टीचा प्रत्यय आला. शिक्षकाचे बोलणे विद्यार्थ्याला स्पष्ट ऐकू यावयाचे असेल, तर शिक्षकाच्या घरून जाणारा वेग पुरेसा असावा लागतो. फायबरच्या बहुतेक योजनांत येणारा व जाणारा वेग समान असतो. परंतु तो समान आहे असे लेखी पाहिल्यावाचून गृहीत धरू नये.

वेगाखेरीज आणखी एक गुण असतो, तो विलंबाचा. येथून पाठविलेला संदेश तेथे पोहोचून उत्तर परत येण्यास लागणारा काळ म्हणजे विलंब. तो सेकंदाच्या हजाराव्या भागात, म्हणजे मिलिसेकंदात मोजतात. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. ४,००० किलोमीटरवरील संगणकाकडे जाऊन येण्यास म्हणूनच किमान ४० मिलिसेकंद लागणारच. कितीही महागडी योजना घेतली तरी हा काळ कमी होत नाही. या बाबतीत राहनाळचे स्थान अनुकूल आहे. समुद्राखालून येणाऱ्या आंतरराष्ट्रीय तारा मुंबईच्या किनाऱ्यावर लागतात आणि देशातील मोठी माहिती साठवण केंद्रे मुंबई व नवी मुंबई परिसरात आहेत. दूरदृश्य संभाषणात दोघे एकाच वेळी बोलू लागतात व मग दोघेही थांबतात, हा त्रास अनेकदा वाढलेल्या विलंबामुळे होतो. अशा घराने १०० वरून २०० मेगाबिटवर जाऊन काही साधत नाही.

आणि संकेतस्थळच मंद असेल तर? अकरावीची प्रवेशप्रक्रिया २०२५ पासून संपूर्ण राज्यात ऑनलाइन झाली. अशा प्रक्रियांत शेवटच्या दिवशी लाखो विद्यार्थी एकाच दाराशी येतात, तेव्हा पलीकडचा संगणक संथ होणे संभवते. अलीकडच्या घरात कितीही वेग असला तरी त्या दाराची रुंदी वाढत नाही. मुख्याध्यापकांनी पालकांना अर्ज मुदतीच्या चार दिवस आधी भरण्यास सांगणे हा त्यावरील उपाय होय, आणि त्याला काहीही खर्च येत नाही.

तार आत आल्यानंतर

"स्पीड येत नाही" या तक्रारीचे कारण पुष्कळदा घराच्या आतच असते. तार ज्या खोलीत येते तेथे राऊटर बसविला जातो. बसविणारा कामगार आपल्या सोयीची, म्हणजे दाराजवळची जागा निवडतो. तेथून आरसीसीच्या दोन भिंती ओलांडून मागच्या खोलीत पोहोचेपर्यंत वाय-फायच्या लहरी क्षीण होतात. चाळींत भिंती पातळ असल्या तरी पत्र्याचे छप्पर व लोखंडी कपाटे या लहरी अडवतात. शिवाय शेजारच्या दहा खोल्यांचे दहा राऊटर एकाच लहरपट्ट्यात बोलत असतात. २.४ गिगाहर्ट्झच्या या पट्ट्यात परस्परांना अडथळा न करणाऱ्या वाहिन्या जेमतेम तीन आहेत, १, ६ आणि ११ क्रमांकाच्या. या पट्ट्यावर साध्या मोबाइल संचास मोकळ्या हवेतही ४० ते ५० मेगाबिटपेक्षा अधिक वेग क्वचितच मिळतो. म्हणजे २०० मेगाबिटचे पैसे भरून ४० चा वापर करणारी घरे केवळ या एका कारणाने असू शकतात. राऊटरवर ५ गिगाहर्ट्झचा दुसरा पट्टा असेल तर जवळच्या संचांसाठी तो वापरावा. त्याचा पल्ला कमी असतो, पण गर्दीही कमी असते. जुन्या राऊटरची तारेची खाच १०० मेगाबिटची असेल, तर त्यापुढची कोणतीही योजना त्या घरात निरुपयोगी ठरते.

दोष आत आहे की बाहेर, हे ओळखण्याची रीत सोपी आहे. लॅपटॉप राऊटरला तारेने जोडावा, इतर सर्व संच बंद करावेत आणि वेग मोजावा. दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे, म्हणजे ट्रायचे 'माय स्पीड' हे मोबाइल अ‍ॅप २०१६ पासून उपलब्ध आहे. अन्य साधनेही आहेत. तारेवर पूर्ण वेग मिळतो आणि मागच्या खोलीत मिळत नाही, तर राऊटर घराच्या मध्यभागी, छातीइतक्या उंचीवर आणावा. मोठ्या घरात दुसऱ्या टोकाला तार नेऊन जोड-राऊटर बसवावा. हा खर्च एकदाच येतो, महागड्या योजनेचा दरमहा. तारेवरही वेग मिळत नसेल, तर दोष बाहेरचा समजून तक्रार करावी.

वीज गेली की इंटरनेट जाते, यातही थोडा गैरसमज आहे. काचेच्या तंतूला विजेची गरज नसते. गरज असते ती घरातील राऊटर आणि त्याच्या सोबतच्या पेटीला. दोन्ही मिळून १०-१५ वॉटच्या आसपास वीज घेतात. इन्व्हर्टर नसलेल्या घरात १२ व्होल्टची लहान बॅटरीपेटी बसविली, तर पलीकडे कंपनीच्या केंद्रावर पर्यायी वीज आहे तोवर जोडणी काही तास टिकते. परीक्षेच्या दिवसांत या पेटीचा उपयोग दुप्पट वेगाहून अधिक होतो.

खांबापासून केंद्रापर्यंत

फायबरच्या प्रचलित पद्धतीत कंपनीकडून आलेला एक तंतू ३२ किंवा ६४ घरांमध्ये विभागलेला असतो. त्या तंतूची क्षमता सेकंदाला सुमारे २,५०० मेगाबिट असते. चौसष्ट घरांनी एकाच क्षणी पूर्ण वापर केला तरी प्रत्येकाच्या वाट्याला ३९ मेगाबिट येतात. येथवर ठीक आहे. अडचण त्याच्या पलीकडे निर्माण होते. स्थानिक सेवा देणारा व्यावसायिक मोठ्या कंपनीकडून घाऊक वेग घेतो व तो अनेक ग्राहकांत वाटतो. प्रत्येक जण सतत वापर करीत नाही, या गृहीतकावर हे वाटप चालते आणि त्यात गैर काही नाही. ट्रायने २००९ मध्ये घरगुती जोडण्यांसाठी एकास पन्नास असे प्रमाण मार्गदर्शक म्हणून सांगितले होते. या प्रमाणात १०० मेगाबिटच्या पन्नास ग्राहकांमागे १०० मेगाबिटच घाऊक वेग असू शकतो, म्हणजे सर्वांनी एकदम नळ उघडल्यास प्रत्येकाला २ मेगाबिट. पत्रकावरील आकड्याआधी 'पर्यंत' हा छोटा शब्द का असतो, हे यावरून उमगते. सकाळी अकरा वाजता मोजलेला वेग म्हणूनच फारसा उपयोगाचा नसतो. तो रात्री नऊला मोजावा आणि रविवारीही मोजावा. त्यापेक्षाही उपयुक्त चौकशी म्हणजे त्याच गल्लीतील, त्याच व्यावसायिकाच्या दोन ग्राहकांना विचारणे.

राहनाळच्या रस्त्यावर अवजड वाहनांची ये-जा अखंड चालते. डिसेंबर २०१८ मध्ये भूमिपूजन झालेला ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रो मार्ग ५ याच रस्त्याने, कशेळी, काल्हेर, पूर्णा व अंजूरफाटा अशा स्थानकांवरून आखलेला आहे. जेथे बांधकाम, गटारे, जलवाहिन्या यांची खोदाई होते तेथे जमिनीखालील तंतू तुटतात आणि जेथे उंच मालमोटारी वळतात तेथे वरून गेलेल्या तारा ओढल्या जातात. या बाबतीत ग्रामपंचायतीला बरेच करता येते. खोदाईपूर्वी भूमिगत तारांच्या मालकांना सूचना देण्यासाठी केंद्र शासनाने मार्च २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' हे अ‍ॅप सुरू केले. पाण्याच्या वाहिनीचे वा गटाराचे काम देताना ठेकेदारास त्याचा वापर बंधनकारक करण्याची अट कार्यादेशात घालता येईल. तारा टाकण्याच्या परवानगीसंबंधीचे नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून अमलात आले आहेत. ग्रामसेवकांनी ते डोळ्यांखालून घातले, तर परवानगी देताना तारांची उंची, खांबांवरील जुन्या निकामी तारा काढणे व खोदलेला रस्ता पूर्ववत करणे, या गोष्टी वेळीच मांडता येतील. खांबांवरील जुडग्यांत निम्म्या तारा मृत असल्या, तरी कोणती जिवंत हे कामगारालाही ओळखू येत नाही. मग दुरुस्तीत एकाच्या जोडणीसाठी दुसऱ्याची तुटते, आणि ज्याची तुटली त्याच्या घरी संध्याकाळी कोणाचा तरी वर्ग असतो.

राऊटरसोबतच्या पेटीवर लाल दिवा लागला तर प्रकाश पोहोचत नाही, म्हणजे बहुधा बाहेर तंतू तुटला अथवा दुमडला आहे, असे समजावे. अशा वेळी राऊटर पुनःपुन्हा चालू-बंद करण्यात वेळ दवडू नये. तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा. कंपनीच्या तक्रार केंद्राने दाद दिली नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येते. प्रत्येक कंपनीला असे प्राधिकारी नेमावे लागतात, ही गोष्ट फार थोड्या ग्राहकांना ठाऊक असते. तोंडी तक्रारीला मात्र तेथे काही आधार राहत नाही.

योजनेतील बारीक अक्षरे

'अमर्याद' म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक योजनांना महिन्याची एक मर्यादा असते आणि ती ओलांडल्यावर वेग एकदम उतरतो. अनेक कंपन्यांच्या योजनांत ही मर्यादा ३,३०० गिगाबाइट आहे. ऐकताना ती जाचक वाटेल, पण हिशेब केला तर चिंता उरत नाही. ५ मेगाबिटचे पूर्ण एचडी चित्र तासाला सव्वादोन गिगाबाइट खर्च करते. या दराने मर्यादा गाठण्यासाठी दोन दूरचित्रवाणी संच महिनाभर अहोरात्र चालवावे लागतील. काही स्वस्त योजनांत मात्र मर्यादा बरीच कमी असते. ती विचारूनच घ्यावी. राऊटर विकत दिला की अनामत ठेवीवर, बसविण्याचे शुल्क किती, जोडणी बंद केल्यास ठेव किती दिवसांत परत मिळेल, चित्रपट दाखविणाऱ्या सेवांचे शुल्क योजनेत बळेच धरले आहे काय, हेही पाहावे. अशा जोडसेवांमुळे २०० मेगाबिटची योजना आकर्षक भासते. त्या सेवा घरात कोणी पाहत नसेल तर ती सूट राहत नाही.

काही कुटुंबांनी घरगुती जोडणी घेऊच नये, असेही प्रामाणिकपणे सांगावयास हवे. एका खोलीत एकट्याने राहणाऱ्या आणि दिवसाचे बारा तास गोदामात असणाऱ्या कामगाराकडे मोबाइलचे रोज दीड-दोन गिगाबाइट असतातच. तेवढ्यात त्याचे गावाकडील बोलणे, बातम्या व तासाभराचे चित्र भागते. खोलीत चार-पाच जण असतील आणि प्रत्येक जण महिन्याला मोबाइलवर स्वतंत्र खर्च करीत असेल, तर मात्र सर्वांनी मिळून ३० मेगाबिटची एक जोडणी घेणे व मोबाइलवर साधी योजना ठेवणे परवडते. जोडणी ज्याच्या नावे आहे त्याच्यावर तिच्या वापराची जबाबदारी येते, याची जाणीव पाचही जणांना असावी. सार्वजनिक जागी अल्प दरात वाय-फाय मिळावे यासाठी केंद्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये पीएम-वाणी ही योजना मंजूर केली. किराणा दुकान वा चहाची टपरीही त्यात केंद्र होऊ शकते. चाळींच्या नाक्यावर अशी सोय झाल्यास भाड्याच्या पत्त्याचा पुरावा नसलेल्यांची अडचण बरीच दूर होईल.

तार टाकणे शक्य नसेल तेथे फाइव्ह-जीच्या लहरींवर चालणारी घरगुती सेवा मुंबई परिसरात २०२३ पासून मिळू लागली आहे. तिचा वेग दिवसाच्या वेळेवर आणि मनोऱ्याच्या दिशेवर फायबरपेक्षा अधिक अवलंबून असतो. खिडकी मनोऱ्याकडे आहे की गोदामाच्या पत्र्याच्या भिंतीकडे, यावर बरेच ठरते. जेथे फायबर मिळते तेथे ते घ्यावे, हेच तूर्त इष्ट.

वर्षाचे पैसे एकदम भरल्यास एक-दोन महिने फुकट मिळतात, असे सांगून अनेक ठिकाणी ग्राहकांना घाई केली जाते. पहिल्यांदा एकाच महिन्याचे शुल्क भरावे. हिशेबाने आलेल्या वेगाच्या लगतची वरची योजना घ्यावी आणि तिचा वेग आठवड्यातील चार रात्री, नऊच्या सुमारास, तारेवर मोजून वहीत लिहून ठेवावा. पावसाळ्याच्या तोंडावर जोडणी घेतली असेल तर पहिल्या मोठ्या पावसापर्यंत थांबावे. तार किती वेळा तुटते आणि जोडायला माणूस किती तासांत येतो, हे तेव्हाच कळते. त्यानंतर वार्षिक सवलतीचा विचार करावा.